वटवट्याची सही

पावसाळा सरत आला की ज्वारीच्या ताटांत, बांधावरच्या उंच गवतात आणि घाणेरीच्या जाळ्यांत एक इवलासा पक्षी सतत बोलत असतो. शेपटी त्याच्या अंगाच्या मानाने लांब, आणि बोलताना ती वरखाली हलत राहते. रंग म्हणाल तर मातकट, नजरेत भरेल असे काहीच नाही. मराठीने त्याचे रंगरूप सोडून त्याचा स्वभावच नावात घेतला आणि त्याला 'वटवट्या' म्हटले. आपल्याकडे वटवट्यांच्या अनेक जाती आहेत. त्यांतला हा साधा वटवट्या.

मी पक्षी बघायला लागलो तेव्हा माझ्याजवळ सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या 'हँडबुक'चा एक जुना खंड होता. त्यात या साध्या वटवट्याचे शास्त्रीय नाव 'प्रिनिया सबफ्लाव्हा' असे दिले होते. पुढे काही वर्षांनी आफ्रिकेतल्या पक्ष्यांवरचे एक पुस्तक हाती आले आणि त्यात एका चित्राखाली हेच नाव दिसले. चित्रातला पक्षीही जवळजवळ आपल्याच बांधावरचा. माझा गोंधळ उडाला. शेतातून उठून कधी शेजारच्या शिवारातही न जाणारा हा पक्षी समुद्रापार कसा पोचला? त्या गोंधळाचा पाठपुरावा करता करता मी ज्या पक्ष्यापर्यंत येऊन ठेपलो, त्याची ही हकिकत आहे.

आधी नावाचा गुंता सोडवू. आफ्रिकेतल्या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन जर्मन निसर्गशास्त्रज्ञ योहान ग्मेलिन याने १७८९ साली केले. ते सेनेगलमधल्या पक्ष्यावरून होते. आपल्या पक्ष्याचे वर्णन त्यानंतर ४३ वर्षांनी झाले आणि ते थेट आपल्या दख्खनमधून. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेला कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. तीत या पक्ष्याला त्याने 'प्रिनिया इनॉर्नाटा' असे नाव दिले. इनॉर्नाटा म्हणजे ज्याच्या अंगावर कसला अलंकार नाही असा. नंतरच्या अभ्यासकांनी दोन्ही पक्षी इतके सारखे पाहून त्यांना एकाच जातीत घातले आणि जुने नाव कायम ठेवले. हँडबुकातले नाव त्या काळातले. पुढे आवाजातले आणि इतर फरक ध्यानात घेऊन दोघांना पुन्हा वेगळे केले गेले. आज साइक्सने दिलेले नाव आपल्या पक्ष्याला परत मिळाले आहे, आणि 'सबफ्लाव्हा' हा आफ्रिकेतला त्याचा चुलतभाऊ. इंग्रजीत त्या भावाला 'टॉनी-फ्लँक्ड प्रिनिया' म्हणतात, म्हणजे पिंगट कुशींचा वटवट्या. या लेखापुरते आपण त्याला आफ्रिकी वटवट्या म्हणू.

गवतातला संसार

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आफ्रिकेच्या फार मोठ्या भागात हा पक्षी राहतो. घनदाट जंगल आणि निखळ वाळवंट या दोन जागा तो टाळतो. उंच गवत, ओढ्याकाठची झुडपे, पडीक शेते, गावालगतच्या बागा अशी मधली जमीन त्याला आवडते. वजन सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखरेइतके. पाठ तपकिरी, पंखांच्या कडा तांबूस, डोळ्यांवर फिकट भुवई आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिंगट छटा. शेपटीची पिसे टप्प्याटप्प्याने लांब होत जातात.

त्याचे अन्न म्हणजे किडे. सुरवंट, नाकतोडे, छोटे भुंगेरे, मुंग्या असे जे पानापानावर, काडीकाडीवर सापडेल ते तो टिपतो. हवेत झेप घेऊन माशी पकडण्यापेक्षा झुडपाच्या आत शिरून एकेक पान तपासत जाणे ही त्याची पद्धत. जोडी आपला इलाखा सांभाळून राहते आणि नर उंच काडीवर बसून एकसुरी आवाजात तो जाहीर करत असतो.

घरटे पाऊस सुरू झाला आणि गवत वाढले की बांधले जाते. गवताची पाती चिरून त्यांचे बारीक धागे काढायचे आणि ते विणून एक उभट पिशवी करायची. तोंड वरच्या अंगाला, बाजूने. पिशवी आजूबाजूच्या पानांना आणि काड्यांना ओवून टाकलेली असते. जमिनीपासून फार उंच नाही, माणसाच्या कमरेच्या आसपास. आत दोन ते चार अंडी. इथपर्यंतची कथा कुठल्याही छोट्या कीटकभक्षी पक्ष्याची म्हणून खपेल. वेगळेपण सुरू होते ते अंड्यांपासून.

एकीचे अंडे दुसरीसारखे नाही

एका मादीची सगळी अंडी एकसारखी असतात, आणि ती आयुष्यभर तशाच प्रकारची अंडी घालते. मात्र शेजारच्या घरट्यात डोकावले तर अंडी अगदी वेगळी निघतात. एकीची पांढरट, दुसरीची निळी, तिसरीची विटकरी, चौथीची शेवाळी हिरवी. त्यावरची नक्षी आणखी निराळी. कुठे बारीक ठिपके, कुठे मोठे डाग, कुठे एका टोकाला डागांचे कडे, तर कुठे लेखणी आपटून उडावेत तशा केसासारख्या बारीक रेघोट्या. दहा घरट्यांतली अंडी एका ताटात ठेवली तर ती एकाच जातीच्या पक्ष्याची आहेत यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

एवढी रंगसंगती करायला पक्ष्याजवळ रंगद्रव्ये मात्र मुख्यतः दोनच आहेत. निळ्या-हिरव्या छटेचे बिलिव्हर्डिन आणि तांबूस-तपकिरी छटेचे प्रोटोपॉर्फिरिन. बीजांड मादीच्या शरीरातून खाली सरकताना त्याभोवती कवच तयार होते आणि त्यात ही द्रव्ये उतरतात. कवचात निळे मिसळले, तांबूस मिसळले, दोन्ही मिसळले की काहीच मिसळले नाही, यावर मूळ रंग ठरतो. नक्षी त्यावर शेवटी उमटते.

प्रश्न असा की हा खटाटोप कशासाठी? झाकलेल्या पिशवीत, अर्ध्या अंधारात पडून राहणाऱ्या अंड्याला इतक्या तऱ्हा कशाला हव्यात?

पिवळा चोर, तपकिरी चोर

कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडे घालते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आफ्रिकी वटवट्याच्या घरट्यात असे अंडे घालणारा पक्षी कोकिळेच्या कुळातला नाही. तो दाणे खाणारा, जाड चोचीचा एक छोटा पक्षी आहे. त्याच्या या सवयीवरूनच इंग्रजीत त्याला 'कुकू फिंच' म्हणतात. नर पिवळाधमक, मादी तपकिरी आणि रेघारेघांची. पूर्वी त्याला सुगरणींच्या गोतावळ्यात धरत. डीएनएच्या अभ्यासानंतर त्याचे खरे नातेवाईक आफ्रिकेतले लांब शेपट्यांचे व्हायडा पक्षी ठरले. हे सगळे कुळच दुसऱ्याच्या घरट्यावर जगणारे आहे.

कुकू फिंचची मादी वटवट्याचे घरटे हेरते, संधी साधून आपले अंडे घालते आणि जाताना घरातली अंडी काढून टाकते. तिचे पिल्लू कोकिळेच्या काही जातींसारखे इतर पिल्लांना ढकलून देत नाही. तशी गरजच पडत नाही. ते अंगाने मोठे, तोंड वासून पुढे येणारे. वटवट्याची पिल्ले त्याच्यापुढे टिकत नाहीत आणि थोड्याच दिवसांत उपासमारीने मरतात. त्यानंतर ९ ग्रॅमचे आईबाप जवळजवळ दुप्पट वजनाचे होऊ घातलेले परके पोर सुरवंट भरवून वाढवत राहतात. एकदा पिल्लू बाहेर आले की वटवट्या त्याला परके मानत नाही. त्यामुळे जे काही ओळखायचे ते अंडे असतानाच ओळखले पाहिजे. एक चूक झाली तर त्या विणीतले एकही पिल्लू हाती लागत नाही.

आता अंड्यांच्या तऱ्हांचा अर्थ लागतो. समजा सगळ्या वटवट्यांची अंडी निळीच असती, तर कुकू फिंचला हुबेहूब निळे अंडे जमले की काम झाले. पण दर मादीची अंडी निराळी असली तर चोराने नक्कल करायची कुणाची? पतपेढीतल्या कारकुनाजवळ प्रत्येक खातेदाराच्या सहीचा नमुना असतो, तसाच हा प्रकार. अंड्यावरचा रंग आणि नक्षी ही त्या मादीची सही आहे. कुकू फिंचची अंडीही निळी, पांढरी, तांबूस अशी नाना तऱ्हांची असतात, म्हणजे चोरांच्या टोळीजवळ पुष्कळ खोट्या सह्या आहेत. पण एका चोराजवळ एकच. जुळणारे घरटे निवडून ती अंडे घालते असे आढळलेले नाही. त्यामुळे तिचे अंडे बहुतेकदा चुकीच्या खात्यावर जाते.

ही कल्पना आजची नाही. चार्ल्स स्विनर्टन नावाचा एक निसर्गप्रेमी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, शेतमळ्याची व्यवस्था पाहत असे. त्याने घरट्यांत परकी अंडी ठेवून पक्षी काय करतात याच्या नोंदी केल्या आणि १९१८ साली लिहिले की अंड्यांतली ही विविधता परक्या अंड्यापासून बचाव म्हणून आली असावी. विद्यापीठाबाहेरच्या माणसाने, फावल्या वेळात, शेतावर बसून मांडलेला हा तर्क नीट पडताळला जायला ९० हून अधिक वर्षे लागली.

चोमाच्या शेतांत

ते काम झाले झांबियाच्या दक्षिण भागातल्या चोमा या गावाजवळ. तिथे तंबाखूची मोठी शेते आहेत आणि पडीक ठेवलेल्या वावरांत उंच गवत माजते. केंब्रिज विद्यापीठाच्या क्लेअर स्पॉटिसवूड आणि दृष्टीचे अभ्यासक मार्टिन स्टीव्हन्स यांनी इथे प्रयोग केले. घरटी शोधण्याचे मूळ काम मात्र आसपासच्या गावांतल्या लोकांचे. गवताच्या समुद्रात मुठीएवढी पिशवी शोधायची तर नजर त्याच मातीत तयार झालेली लागते.

प्रयोग साधा होता. एका वटवट्याच्या घरट्यातले अंडे दुसऱ्या वटवट्याच्या घरट्यात ठेवायचे आणि ती ते ठेवून घेते की बाहेर टाकते हे पाहायचे. अडचण एकच. आपल्याला दोन अंडी सारखी वाटली म्हणून पक्ष्यालाही ती सारखीच वाटतील असे नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, पक्ष्यांच्या डोळ्यात चार, आणि आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही त्यांना दिसतात. म्हणून अंड्यांचे रंग अतिनील प्रकाशासह मोजले आणि पक्ष्याच्या डोळ्याला ते कसे दिसतील याचे गणित मांडले.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वटवट्या एकाच खुणेवर विसंबत नाही. मूळ रंग, डागांचा आकार, ते अंड्यावर कसे पसरले आहेत, अशा अनेक गोष्टी ती एकाच वेळी जोखते. आणि नेमक्या त्याच खुणा वापरते ज्यांत चोराचे अंडे आणि तिचे अंडे यांत सर्वाधिक फरक असतो. कसलेला कारकून सहीतल्या सोप्या अक्षरांकडे बघत नाही, अवघड वळणाकडे बघतो, तसे.

२०११ साली त्यांनी वटवट्याची तुलना त्याच गवतात राहणाऱ्या त्याच्या नात्यातल्या इतर पक्ष्यांशी केली. निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. ज्या जातीच्या अंड्यांत सर्वांत जास्त विविधता, म्हणजे आपला वटवट्या, तिची पारख सर्वांत ढोबळ निघाली. ज्या जातीच्या अंड्यांत विविधता सर्वांत कमी, तिची नजर सर्वांत तीक्ष्ण. आणि हिशेब केला तर दोन्ही उपायांचा फायदा जवळजवळ सारखाच. सही अवघड असेल तर कारकून मध्यम हुशार चालतो. सही सोपी असेल तर कारकून तरबेज हवा.

चाळीस वर्षांची अंडी

चोमा हे ठिकाण निवडण्यामागे आणखी एक कारण होते. जॉन कोलब्रुक-रॉबजेंट नावाचे एक निवृत्त ब्रिटिश मेजर तिथे राहत आणि त्यांनी अनेक दशके परिसरातल्या पक्ष्यांची अंडी तारीखवार जमवली होती. या संग्रहामुळे एकाच ठिकाणची सुमारे ४० वर्षांची अंडी समोर मांडता आली.

त्यातून दिसले ते असे. ४० वर्षांत वटवट्याच्या अंड्यांचे रंग बदलले आणि त्यांतले वैविध्य वाढले. कुकू फिंचच्या अंड्यांचेही तेच झाले. आणि कुकू फिंचची अंडी आपल्या काळातल्या वटवट्याशी जास्त जुळत होती, जुन्या किंवा नंतरच्या काळातल्या वटवट्याशी कमी. म्हणजे सही बदलत होती आणि नक्कल तिच्या मागोमाग धावत होती. उत्क्रांती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लाखो वर्षे येतात. इथे ती एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांत घडलेली दिसते.

यामागचे चक्र समजायला सोपे आहे. एखाद्या रंगाची अंडी जास्त झाली की तो रंग जमणाऱ्या चोरांची चलती होते. मग त्या रंगाच्या वटवट्यांचे नुकसान होते आणि विरळ रंगाच्या मादीची पिल्ले जास्त जगतात. काही पिढ्यांनी तो विरळ रंग विरळ राहत नाही आणि चक्र पुन्हा फिरते. वेगळे असणे हाच इथे बचाव आहे, पण तो कायमचा नाही.

चोराच्या वारशातली मर्यादा

२०२२ साली याच गटाने पुढचा प्रश्न घेतला. अंड्याचा रंग कुणाकडून येतो? पक्ष्यांत मादीजवळ डब्ल्यू नावाचे एक गुणसूत्र असते, जे आईकडून फक्त मुलीला जाते. कुकू फिंचच्या डीएनएवरून दिसले की अंड्याची नक्कल या आईच्या वाटेने उतरते. याचा फायदा उघड आहे. वटवट्याकडे वाढलेली मुलगी वटवट्यासारखेच अंडे घालणार, मग बाप कुठल्याही घरट्यात वाढलेला असो. त्याच्याकडून भलत्या पक्ष्याच्या अंड्याचे गुण मिसळण्याची भीती नाही.

पण याच फायद्यात तोटा दडलेला आहे. आईकडून आलेले जसेच्या तसे पुढे जाते, त्यात सरमिसळ होत नाही. निळ्या अंड्यांचे घराणे निळेच राहते, तांबूस अंड्यांचे तांबूसच. वटवट्याला मात्र रंगाचे गुण आई आणि बाप दोघांकडून मिळतात. त्यामुळे दर पिढीत पत्ते नव्याने पिसले जातात. निळे आणि तांबूस द्रव्य एकत्र आले की शेवाळी हिरवा रंग होतो. हे शेवाळी अंडे वटवट्याला जमते, कुकू फिंचला जमत नाही, कारण तिच्या दोन घराण्यांचे गुण एका मादीत एकत्र येण्याची वाटच बंद आहे.

यावरून वटवट्याची सरशी झाली असे कुणी समजू नये. चोराजवळ आणखी युक्त्या आहेत. एकाच घरट्यात दोन किंवा अधिक परकी अंडी पडली तर वटवट्याची पारख डळमळते, कारण आपली कोणती आणि परकी कोणती हे तुलनेने ठरवायचे असते आणि तुलनेचा आधारच पातळ होतो. दुसरी युक्ती वेषाची. कुकू फिंचची मादी दिसते ती त्याच गवतातल्या निरुपद्रवी बिशप पक्ष्याच्या मादीसारखी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वटवट्याने दोघींवर सारखाच हल्ला चढवला. म्हणजे साधू आणि चोर यांच्यात फरक करता येत नाही म्हटल्यावर तिने दोघांनाही हाकलण्याचा मार्ग धरला. त्यात तिचा वेळ आणि बळ खर्च होते, पण घर राहते.

आपल्या बांधावर

या सगळ्यातून मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली त्या अंड्यांच्या संग्रहाबद्दल. अंडी गोळा करणे हा छंद आज निंद्य मानला जातो आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे. तरीही त्या मेजरसाहेबांनी तारीख आणि ठिकाण लिहून ठेवले नसते तर ४० वर्षांचा हा बदल कुणाला कळला नसता. जपून ठेवण्यासारखे होते ते नोंदीतले सातत्य. ते आज अंड्याला हात न लावताही साधते. वही, तारीख, जागा आणि दरवर्षी त्याच बांधावर जाण्याची चिकाटी एवढे भांडवल पुरते. घरट्याजवळ जाऊन फोटो काढण्याचा मोह मात्र आवरावा. आपण बाजूला केलेले गवत कावळ्याला वाट दाखवते.

दुसरी गोष्ट जागेबद्दल. आपला साधा वटवट्या आणि त्याचा भाऊबंद राखी वटवट्या यांच्याही घरट्यांत परकी अंडी पडतात. ती करड्या पोटाच्या एका छोट्या कोकिळेची असतात. राखी वटवट्याची अंडी विटकरी लाल आणि चकचकीत, साध्या वटवट्याची निळसर, त्यावर तपकिरी डाग आणि रेघोट्या. रंगद्रव्ये तीच दोन. जी झुंज चोमाच्या गवतात चालते तिचाच एक फड आपल्या गायरानात, ओढ्याकाठी, ज्वारीच्या पट्टीत मांडलेला आहे. पण गायरानाला आपण पडीक म्हणतो. बांध नांगरून अरुंद करतो, उरलेले गवत पेटवून देतो. ते जाळताना आपल्याला वाटते की तिथे काही नव्हते.

साइक्सने या पक्ष्याला अलंकार नसलेला म्हटले, आपण साधा म्हणतो. अंगावर अलंकार नाही हे खरेच. त्याचा सगळा दागिना त्या विणलेल्या पिशवीत, अंधारात ठेवलेला असतो, आणि तो मिरवण्यासाठी नसून ओळख पटवण्यासाठी असतो. या दिवाळीत रानात गेलात आणि गवताच्या शेंड्यावरून कुणी वटवट करताना दिसले तर दोन मिनिटे थांबा. आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या बांधाला काडी लावू नका.